निवांत पट्टी

मला तापट म्हणतात. म्हणू दे. माहेरी म्हणायचे, सासरी म्हणतात, आणि ऑफिसात माझ्या पाठीमागे ‘कुकर’ म्हणतात तेही मला माहीत आहे. एका कुरिअर कंपनीच्या तक्रार कक्षात मी दिवसभर बसते. लोकांची पार्सलं हरवतात, फुटतात, शेजाऱ्याच्या घरी जाऊन पडतात, आणि अर्धं नाशिक मला फोन करून फैलावर घेतं. त्या लोकांशी गोड बोलून बोलून जो राग साठतो तो घरी येतो. आता जे सांगणार आहे ते सांगतानाही आवाज चढेल. त्याला माझा इलाज नाही.

माझी मुलगी रेवा तीन वर्षांची आहे, आणि आईवर गेली आहे. कंगवा दिसला की पलंगाखाली शिरते. वेणी घालायला बसवली की घर डोक्यावर घेते. दूध हवं म्हणते, दिलं की नको म्हणते, परत घेतलं की भोकाड पसरते. मी तिला दिवसातून दहादा एकच वाक्य ऐकवायची, “रेवू, ताप देऊ नकोस गं!” ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, “देणार!”

तर हा झाला एक ताप. दुसरा खरा, अंगातला. तो मात्र आमच्या घरातून, खरं तर सगळ्या शहरातूनच हद्दपार झाला होता. निवांत पट्टीमुळे.

आज ही पट्टी सगळ्यांना माहीत आहे. पण पुढेमागे ती बंद झाली, आणि व्हावी असं मला फार वाटतं, तर तेव्हाच्या लोकांसाठी सांगून ठेवते. बिस्किटाएवढी गोल, कातडीच्या रंगाची पट्टी. ती मुलाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे चिकटवायची, जिथे त्याचा हात पोचत नाही. खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया, इतक्या बारीक की टोचलेल्या कळतही नाहीत. आता आपल्या मेंदूत एक जागा असते, ती अंग किती गरम ठेवायचं ते ठरवते, गिझरच्या बटणासारखी. जंतू शिरला की शरीर रक्तातून एक निरोप धाडतं आणि मेंदू ते बटण मुद्दाम वर सरकवतो. म्हणजे ताप जंतू आणत नाही, ताप आपलं शरीर आणतं, लढायला. गरम अंगात बरेच जंतू मंदावतात आणि त्यांना मारणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी चपळ होतात.

आपण घरोघरी तापाचं जे साधं औषध देतो, ते हे बटण काही तासांपुरतं खाली ओढतं. अंमल संपला की ताप परत डोकं वर काढतो, आणि आईला कळतं की आजार अजून आत बसलाय. निवांत पट्टीचं तसं नाही. ती घामातून त्या निरोपाचा सुगावा घेते आणि ताप यायच्या आधीच सुयांमधून औषध सोडते. बटणाला जणू खिळाच ठोकते. एक पट्टी आठवडाभर चालते. आत काहीही पेटलेलं असो, आईच्या फोनवर हिरव्या रंगात एकच आकडा येतो, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आणि खाली लिहिलेलं, ‘बाळ निवांत, तुम्ही निवांत.’

ही पट्टी मुळात निघाली ती तापात झटके येणाऱ्या मुलांसाठी. आमच्या रेवालाही दीड वर्षाची असताना एकदा झटका आला होता, तेजसच्या मांडीवर. तेजस माझा नवरा. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, ओठ काळेनिळे पडले. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुलं यातून सुखरूप मोठी होतात. पण तेजस जो घाबरला तो घाबरलाच. नंतर त्याने आधीची नोकरी सोडली आणि त्या पट्टीच्याच कंपनीत लागला. पाळणाघरांना पट्ट्या पुरवायच्या, दारात यंत्र बसवून द्यायचं, आयांना समजावायचं. मन लावून करायचा. देवाचं करावं तसं करायचा.

झटक्यांच्या मुलांवरून ही पट्टी सगळ्या मुलांवर कधी आली ते कळलंच नाही. पाळणाघरांना ती आवडली, कारण दुपारी आईला फोन करून बोलवावं लागेना. ऑफिसांना तर फारच आवडली. आमच्याकडे बाळाच्या आजारपणाची रजा आहे, पण ती पट्टीच्या नोंदीत ताप दिसला तरच मिळते. पट्टी लावलेल्या मुलाला ताप येत नाही. म्हणून रजा नाही. पट्टी लावली नाही तर नोंदच नाही. म्हणूनही रजा नाही. आहे की नाही डोकं? हा नियम ज्याने काढला त्याला मला एकदा समोर बसवायचंय.

त्या सोमवारी संध्याकाळी मी रेवाला आणायला पाळणाघरात गेले. तिथल्या कुंदाताई कौतुकाने म्हणाल्या, “रेवाची आई, आज तुमची मुलगी किती शहाण्यासारखी वागली हो! ना रडली, ना भांडली. सांगितलं तिथे बसून राहिली.”

माझी रेवा आणि शहाण्यासारखी? ती कोपऱ्यात गादीवर बसली होती. मला बघून उठली नाही. मी उचललं तर मान माझ्या खांद्यावर टाकली. अंगाला हात लावून बघितलं तर गार. फोनवर हिरवा आकडा. घरी दोन घोट पाणी प्यायली, भाताला तोंड लावलं नाही.

मंगळवारी सकाळीही तेच. मी निवांतच्या मदतवाणीला फोन लावला.

“नमस्कार. आपल्या बाळाचं तापमान अठ्ठ्याण्णव पॉइंट चार आहे. आपली तक्रार सांगा.”

“मुलगी मलूल आहे.”

“माफ करा, समजलं नाही. ताप, खोकला, उलटी, जुलाब यांपैकी एक निवडा.”

“यातलं काही नाही. ती मलूल आहे. म-लू-ल!”

“माफ करा, हा पर्याय उपलब्ध नाही. आपलं बाळ निवांत आहे. आपणही निवांत राहा.”

मी त्या बाईला, म्हणजे त्या यंत्राला, काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिवसभर लोक मला जे ऐकवतात त्यातलं निवडक बोलले.

रेवाला पाळणाघरात सोडलं, दारातल्या यंत्राने हिरवा दिवा दाखवून तिला आत घेतलं, आणि मी ऑफिसात जाऊन साळुंके साहेबांपुढे उभी राहिले. “सर, मुलीला डॉक्टरकडे न्यायचंय. रजा हवी.”

त्यांनी स्क्रीन बघितला. “मॅडम, ताप कुठाय?”

“नाही. पण बरं नाही तिला.”

“ताप नाही तर रजा कसली? माझ्या हातात असतं तर दिली नसती का?”

“तुमच्या हातात काय आहे सर?” मी विचारलं, आणि हेडफोन त्यांच्या टेबलावर आपटून निघाले. मागून ते म्हणाले, उद्या आला नाहीत तर परत येऊच नका. मी वळूनही बघितलं नाही.

रेवाला घेऊन मी जुन्या नाशकात डॉक्टर अत्तारबाईंकडे गेले. मी लहान असताना माझी आई मला त्यांच्याकडेच न्यायची. आता केस पांढरेशुभ्र झालेत, जीभ होती तशीच आहे. बाहेरचे बाक रिकामे होते. पट्टी आल्यापासून आया लहान मुलांना फारशा आणतच नाहीत.

“कधीपासून अशी आहे?”

“कालपासून, बाई. पण ताप नाही.”

“ताप नाही कसं म्हणतेस? ताप दिसत नाही म्हण.” त्यांनी रेवाचा फ्रॉक वर केला आणि पट्टी टर्रकन काढून केराच्या टोपलीत टाकली. “मी काही या पट्टीची दुश्मन नाही. लागेल त्याला लावावी. ताप उतरवायलाही माझी ना नाही, मीसुद्धा औषध देतेच की. पोराला जरा बरं वाटायला नको? पण एक लक्षात ठेव. अंग गार झालं की पोर उठून खेळलं पाहिजे. खेळायला लागलं तर अर्धी काळजी मिटली. अंग गार आणि तरी पोर मलूल, याची मला भीती वाटते.”

“मलूल!” मी म्हटलं, आणि मला एकदम रडूच आलं. सकाळपासून त्या एका शब्दासाठी मी भांडत होते.

बाईंनी पोट दाबून बघितलं, कमरेच्या बाजूला हात लावला तशी रेवा कण्हली. शूचं विचारलं. शू कमी होत होती आणि तिला घाण वास होता. तपासली. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता.

“पाणी पितेय, उलटी नाही, म्हणून घरी सोडते,” बाई म्हणाल्या. “हे औषध सुरू कर. पण हल्लीचे जंतू माजलेत, जुन्या औषधांना जुमानत नाहीत. कुठलं लागू पडेल ते लॅबवाले शूतला जंतू वाढवून सांगतील, पण त्यांना दोन-तीन दिवस लागतात. यंत्रं कितीही आली तरी जंतू वाढायचा तेव्हाच वाढतो. तोवर आपला रिपोर्ट एकच, ताप. परवापर्यंत ताप उतरणीला लागला तर समजायचं, औषध लागू पडलं. नाही उतरला तर घरी थांबायचं नाही. सरळ घेऊन यायचं, भरती करून शिरेतून दुसरं औषध द्यावं लागेल. उशीर झाला तर मूत्रपिंड कायमचं जाईल. रक्तात पसरलं तर मूल जाईल. घाबरवत नाही, सांगते.”

“आणि ताप फार चढला तर, बाई?”

“तापाचं सिरप दे. पातळ कपडे घाल, पाणी पाजत राहा, पट्ट्या ठेव. झटका आलाच तर कुशीवर वळव, तोंडात काही कोंबू नकोस, आणि इकडे ये.” निघताना त्यांनी काचेचा नाही पण साधा, बटणाचा थर्मामीटर हातात दिला. “आणि हाताने बघ. आई आहेस ना?”

तेजस त्या दिवशी कामाला इगतपुरीकडे होता, मुक्कामच होता त्याचा. त्याला फोनवर सांगितलं की बाईंनी पट्टी काढून तपासलं, औषध दिलंय. संध्याकाळी पट्टीचा अंमल ओसरला आणि रेवाला ताप चढला. एकशे तीन. तीन वर्षांच्या जिवाचं अंग असं भाजतं हे मी विसरूनच गेले होते. सिरप दिलं, एक जुनी सुती ओढणी फाडून तिच्या घड्या केल्या, साध्या पाण्यात भिजवून कपाळावर ठेवत राहिले. माझी आई ठेवायची तशा. रेवा रडत होती, पट्टी ओढून टाकत होती, “नको, नको” म्हणत होती. ताप शंभरावर आला तेव्हा जरा उठून बसली. मला भीती वाटत होतीच, पण निदान कुठे उभी आहे ते तरी कळत होतं.

बुधवारी सकाळी तेजस आला. पाळणाघर बिनपट्टीच्या मुलाला घेणार नाही, म्हणून त्याने दिवस मोकळा ठेवला होता. मला जाणं भाग होतं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी चपला घालत बोलत होते.

“काल एकशे तीनवर गेला होता ताप.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “आणि मग?”

“मग काय, सिरप आणि पट्ट्या. परत चढला तर तूही तेच कर. अजिबात विसरू नकोस.”

“पट्ट्या चालतील?”

“चालतील काय, बाईंनीच सांगितल्यात! आहेत ना?”

“आहेत की. भरपूर.”

मला वाटलं, भांड्यातल्या ओढणीच्या घड्या त्याने बघितल्या. मी गेले.

दुपारी त्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. “हर्षू, ताप उतरला! परत चढला होता, पण आता अगदी गार आहे.” मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हटलं, “बाईंच्या हाताला गुण आहे बघ.” साळुंके साहेबांशीसुद्धा मी त्या दिवशी बरं बोलले. घरी आले तर रेवा झोपली होती. थर्मामीटर लावला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बाईंना कळवलं, “ताप पूर्ण उतरला.” त्या म्हणाल्या, “इतक्या लवकर? छान. लक्ष ठेव, खेळते का बघ.” आजारी पोर आहे, थकलंय, झोपू दे, असं मी मनाशी म्हटलं.

गुरुवारी सकाळी रेवा जागी झाली, पण पडूनच राहिली. केसांचा पार गुंता झाला होता. म्हटलं, हिला जरा नीट करते, मग ताजीतवानी वाटेल. कंगवा घेऊन तिला मांडीत बसवली आणि पलंगाखाली पळायच्या आत धरावं म्हणून हात घट्ट आवळला.

ती पळाली नाही. मी गुंता सोडवला, तिने हूं की चूं केलं नाही. भांग पाडला. एक वेणी घातली, दुसरी घातली. जन्मात पहिल्यांदा माझ्या मुलीने मला दोन वेण्या घालू दिल्या. मी कंगवा खाली टाकला.

“रेवू, ताप दे की गं मला,” मी म्हटलं. नेहमीचं ‘देणार!’ आलं नाही. मी तिला कुशीत ओढलं, पाठीवरून हात फिरवला, आणि बनियनच्या आत, दोन खांद्यांच्या मधे, माझ्या बोटांना ती गोल कड लागली.

“तेजस!”

तो दात घासत होता, तसाच ब्रश घेऊन आला.

“हे काय आहे?”

“पट्टी.”

“कुणी लावली?”

“मी. काल. ताप चढला तेव्हा. तूच म्हणालीस ना, बाईंनी सांगितल्यात पट्ट्या!”

“अरे पट्ट्या! पाण्याच्या! कपाळावर ठेवायच्या! ओढणी फाडून ठेवली होती मी भांड्यात, दिसली नाही तुला?”

“मला वाटलं, ओटा पुसायचं फडकं आहे.”

हे ऐकून कुणाला हसू येत असेल तर माझ्यासमोर हसू नका. दिवसातून शंभर वेळा जो माणूस पट्टी, पट्टी करतो, त्याला त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुठून आठवणार? त्याच्या बॅगेत नमुन्याच्या पट्ट्या कायम असतात, एका दिवसापुरत्या, कुठल्याच फोनला न जोडलेल्या. त्यातली एक त्याने लावली, आणि आमचा एकुलता एक रिपोर्ट पुसून टाकला. औषध लागू पडलंच नव्हतं. ताप उतरलाच नव्हता. बाईंनी सांगितलेला परवाचा दिवस उजाडला होता, आणि आम्ही मुलगी बरी झाली म्हणून आनंदात होतो.

मी पट्टी उपटून काढली. तेजस पुढे आला, चक्क माझा हात धरला त्याने. “हर्षू, थांब. एकदम काढू नको. एकदम चढेल ताप. हात थरथरत होते गं तिचे काल. मला परत ते बघायचं नव्हतं.”

“तुला बघायचं नव्हतं!” मी ओरडले. शेजारच्यांनी दार उघडलेलं मला ऐकू आलं, उघडू दे म्हटलं. “तुला बघायचं नव्हतं, पाळणाघराला बघायचं नाही, माझ्या साहेबाला बघायचं नाही! म्हणून तिने गप्प राहून मरायचं? ती ओरडून सांगतेय आजारी आहे म्हणून, आणि तुम्ही सगळे मिळून तिचं तोंड दाबताय! निवांत म्हणे! कोण निवांत आहे रे? ती आहे? बघ तिच्याकडे!”

त्याने बघितलं. दोन वेण्या घातलेली, डोळे अर्धवट मिटलेली रेवा माझ्या मांडीवर पडली होती. तेजसच्या हातातला ब्रश खाली पडला.

“गाडी काढ,” मी म्हटलं.

रस्त्यातच तिला थंडी भरून आली. दातावर दात वाजायला लागले, मग अंग तापायला लागलं. माझ्या साडीतून मला चटका बसत होता. एकशे चार. त्याच्याही पुढे. तेजस गाडी चालवताना रडत होता, मी मात्र मनात म्हणत होते, ये बाबा, ये, काय सांगायचंय ते सांग एकदाचं. तापाची वाट बघणारी मी बहुधा पहिलीच आई असेन. आणि मला सगळ्या जगाचा राग येत होता, पट्टीचा, साळुंक्यांचा, त्या यंत्राच्या गोड आवाजाचा, आणि सगळ्यात जास्त पुढे बसून रडणाऱ्या त्या माणसाचा.

अत्तारबाईंनी रेवाला हातात घेतलं, तपासलं आणि मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. मग म्हणाल्या, “काल गार होती म्हणालीस.” मी तेजसकडे बघितलं. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, फडक्यासकट. बाई म्हणाल्या, “बेटा, तुझी आई तुला पट्ट्या ठेवत नव्हती का?”

“ठेवायची,” तो म्हणाला. “आत्ता आठवलं.”

हॉस्पिटलात शिरेतून दुसरं औषध सुरू झालं. लॅबचा निरोप आला, पहिल्या औषधाला हा जंतू दाद देत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, डावं मूत्रपिंड सुजलंय, वाचेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, आणखी एक दिवस गेला असता तर प्रश्न मूत्रपिंडाचा उरला नसता. मी ऐकलं आणि तेजसशी बोलायचं बंद केलं. त्याने खालच्या दुकानातून दोन सुती रुमाल आणले, वाटीत पाणी घेतलं आणि रेवाच्या उशाशी बसला. भिजवायचा, पिळायचा, कपाळावर ठेवायचा, गरम झाला की काढायचा. सिरपचा अंमल उतरला की ताप परत चढायचा, मग सिस्टर औषध द्यायच्या, आणि हा परत रुमाल भिजवायला लागायचा. मध्ये एकदा रेवाचा हात नुसता दचकला तेव्हा हा माणूस डोळे मिटून थरथरला, पण उठला नाही. पिळत राहिला.

शुक्रवारचा अख्खा दिवस ताप होता, पण दर वेळी मागच्यापेक्षा थोडा कमी. शनिवारी सकाळी मी तिच्या मानेखाली हात घातला तर उशी ओली. मला वाटलं रुमालाचं पाणी. पण पाठ ओली होती, बनियन ओलं होतं, कपाळावर थेंब होते. घाम! रेवाला दरदरून घाम फुटला होता. ताप आपणहून उतरत होता. कोणी खिळा न ठोकता मेंदूने बटण खाली घेतलं होतं. पट्टी लावल्यापासून मी माझ्या मुलीला असा घाम आलेला बघितलाच नव्हता.

तेवढ्यात एक नवीन सिस्टर ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये निवांत पट्टी. “चला, हिला लावून घेऊ. वॉर्डात सगळ्यांना आहे, हिचीच राहिलीय. आमच्या बोर्डावर हिचा एकटीचा लाल दिवा दिसतोय.” तेजसच्या अंगावर अजून गुरुवारचाच कंपनीचा टी-शर्ट होता. तो बघून त्या हसल्या. “अरे, तुम्ही तर निवांतचेच! मग तुम्हाला काय सांगायचं, सर?”

मी तोंड उघडणार होते. चांगलं तासभर पुरेल एवढं माझ्याकडे साठलं होतं. पण तेजस आधी बोलला.

“हिला पट्टी लावलीय, सिस्टर.”

“लावलीय? कुठे?”

त्याने वाटीतला रुमाल पिळला, घडी केली आणि रेवाच्या कपाळावर ठेवली. “ही काय.” मग तो त्यांच्या ट्रेकडे बघत म्हणाला, “ती घेऊन जा. लाल दिवा राहू दे. आजारी आहे ती.”

सिस्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. आणि रेवाने डोळे उघडले. वर हात नेला, कपाळावरचा रुमाल धरला, ओढला आणि खच्चून बापाच्या तोंडावर फेकला. “पट्टी नको!” मग पाय झाडले. ट्रेला लाथ बसली, ट्रे खणकन खाली, पट्टी कुठल्या कुठे. “दूध पायजे! नको! वेणी सोड! वेणी नको!” आवाज सगळ्या वॉर्डात गेला. पलीकडच्या खाटांवरची हिरव्या दिव्यांची मुलं शहाण्यासारखी पडून आमच्याकडे बघत होती.

तोंडावरून पाणी गळत असलेला तेजस हसत होता की रडत होता, देव जाणे. मी त्याच्या हातात माझ्या पदराचं टोक दिलं, तोंड पुसायला. त्याहून जास्त काही देण्याइतका माझा राग अजून उतरला नव्हता.

सिस्टर खाली वाकून सांडलेलं गोळा करत कुरकुरल्या, “बाई गं, किती ताप देते हो तुमची मुलगी!”

“देऊ दे,” मी म्हटलं. “हवा तेवढा देऊ दे.”